उचललेला मिस कॉल

१

महेश पाटाच्या पाण्याच्या चारीत सापडला तेव्हा त्याच्या मफलरमध्ये, डाव्या कानाशी, मोबाईल खोचलेला होता. तेवढ्यावरून सगळ्यांना सगळं कळलं.

हवालदारांना कळलं, डॉक्टरांना कळलं, मखमलाबाद रोडच्या चहावाल्यालाही कळलं. गाडीवर बोलत होता, वळण दिसलं नाही, गेला चारीत. साल दोन हजार चार. इनकमिंग फुकट झालं आणि अर्धं नाशिक मान वाकडी करून गाडी चालवायला लागलं. मी पंचवटीत बायकांना दुचाकी शिकवते, त्यामुळे या वाकड्या माना मला रोज बघाव्या लागत. कुणी फोन हेल्मेटात कोंबायचं, कुणी मफलरमध्ये, पोरी स्कार्फमध्ये. महेशचं ऐकलं तेव्हा मलाही आधी तेच वाटलं. खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या मैदानावर आली. मोहिनी. घोटीची पोर, लग्न होऊन इकडे मळ्यात आलेली. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे स्कूटर शिकली. पहिल्याच दिवशी धाडकन पडली आणि पडल्या पडल्या हसत सुटली, म्हणून माझ्या लक्षात राहिलेली. आज हसणं दूरच, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"ताई, मी मारलं त्यांना."

"मेलाय का तो?"

"नाही. दवाखान्यात आहेत. बेशुद्ध."

"मग मारलं कशाला म्हणतेस? बस इथं. पाणी पी."

पाणी तिनं हातात धरलं आणि तसंच ठेवलं. शेवटचा फोन तिचाच होता, म्हणाली. महेशच्या मोबाईलवर तसं दिसतंय. तिच्या फोनमुळे तो चारीत गेला, असं सासूबाई येईल त्याला सांगतायत. वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत. रविवारी घोटीहून भाऊ येणार, तिला घेऊन जाणार.

"एकदा गेले की परत कोण आणतंय, ताई? आणि डॉक्टर म्हणतात, ओळखीचा आवाज कानावर पडला पाहिजे. सासूबाई बोलतात दिवसभर. पण हे आईशी फारसं बोलायचेच नाहीत. माझ्याशी बोलायचे."

"हवालदारांना सांग ना, मी फोन केला होता पण..."

"पण काय, ताई?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "फोन मी केलाच होता. नवल त्याचं नाही. नवल हे आहे की त्यांनी तो उचलला. लग्न झाल्यापासून त्यांनी माझा फोन एकदाही उचललेला नव्हता."

२

"एकदाही नाही?" मी म्हटलं. "भांडण होतं का तुमचं?"

"भांडण कसलं! आमचं ठरलेलं. मिस कॉल. मी एक रिंग दिली की 'कुठं आहात?' त्यांनी बाजारात गाडी लावून एक रिंग दिली की 'पोचलो'. दोन दिल्या की 'चहा टाक, येतोय.' उचलायचा नाही, हाच नियम. गाडीवर असले काय न् झाडाखाली बसलेले असले काय, नाहीच उचलायचा."

"आणि तीन दिल्या की?"

मोहिनीच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला असावा. "ते राहू द्या, ताई."

राहू दिलं.

महेशची गुलाबाची शेती. भल्या पहाटे मळ्यात जाऊन फुलं तोडायची, तिथल्याच झोपडीत गठुडं बांधायचं आणि मोटारसायकलवर टाकून फुलबाजार गाठायचा. त्या दिवशी धुकं होतं. 'पोचलो'ची रिंग आली नाही, म्हणून हिनं एक रिंग दिली. ती कापायला बोट बटणावर नेलंच होतं, तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला.

"मी दचकलेच. हॅलो हॅलो म्हटलं. कुणी बोललं नाही. नुसत्या चिमण्या ओरडत होत्या. मला वाटलं चुकून बटण दाबलं गेलं, म्हणून कट केला. त्या वेळेला हे..."

"चिमण्याच ना? गाडीचा आवाज?"

"नाही. चिमण्या. चिवचिव, चिवचिव. अगदी कानाशी."

"गाडी नाहीच? वाऱ्याचा घूं घूं? हॉर्न?"

"नाही म्हटलं ना, ताई. शांत होतं सगळं."

मी तिच्या हातातलं पाणी घेतलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. गाडीवरून बोलणाऱ्यांचे फोन मला दिवसाला दहा येतात. 'मॅडम, आज क्लासला येत नाही,' हे सांगायलासुद्धा बायका गाडी थांबवत नाहीत. त्या फोनांत सगळ्यात आधी गाडी ऐकू येते, मग वारा, आणि जमलंच तर माणूस.

मोहिनीचा फोन उचलला गेला तेव्हा महेशची गाडी चालू नव्हती.

३

दवाखान्यात कुसाबाई वॉर्डाच्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, जणू बांधावर राखणीला बसल्यात. ही महेशची आई. मोहिनीला मी जिन्यातच थांबवलं होतं.

"तू ती गाडीवाली बाई ना? आमच्या सुनंला चाकावर बसवली ती?"

"हो, मीच."

"मंग फोन बी तूच शिकवला आसंल."

"नाही, तो तिचा तिनंच."

त्यांना हे आवडलं नाही, पण बसायला जागा केली. "माझा पोरगा सरळ चालला व्हता, बाई. हिनं मागून हाक मारली आन् तो वळला. एवढंच झालं. आता बोल म्हनं त्याच्याशी. काय बोलू? कांदे काढले, गाय व्याली, सगळं सांगून झालं. डोळं उघडीत नाय."

बोलता बोलता त्यांनी स्टूल आणखी थोडं दाराकडे सरकवलं. ह्या बाईचा राग म्हणजे भीतीच होती. मला त्यांचा राग काही येईना.

तेवढ्यात राज चहा घेऊन आला. महेशचा चुलतभाऊ, आणि बायकांच्या क्लासात माझा एकुलता पुरुष विद्यार्थी. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती, पुढच्या आठवड्यात गाडी चालवून दाखवायची होती. जड गाडी त्याला मी काय शिकवणार? पण वळणाला इंडिकेटर, आरशात नजर, ही शिस्त तो महिनाभर माझ्या मैदानावर स्कूटरवरून गिरवत होता. इंडिकेटर द्यायला कधी विसरला नाही. मिटवायला मात्र हमखास विसरायचा.

"घ्या मॅडम." त्यानं डाव्या हातानं कप पुढं केला. दुपारची वेळ, बाहेर चांगलं ऊन, आणि जर्किनची चेन गळ्यापर्यंत.

"ताप आहे का रे?"

"कसकस आहे जराशी." मग खाली बघत म्हणाला, "वहिनीला उगाच बोलतायत, मॅडम. तिचा काय दोष? त्या रस्त्याला रावजीशेटचा ट्रॅक्टर असतो. पाण्याच्या पाळीवरून महेशदादाचं आणि त्याचं वाजलेलं होतं. कट मारला असंल त्यानंच."

"रावजी?" कुसाबाईंनी मान वर केली. "आरं, हे कव्हा बोलला नाय तू!"

राजनं जर्किनची चेन चाचपली. "आत्ता आठवलं, काकू."

४

रावजीकडे जायच्या आधी मी मोहिनीला मागे बसवून त्यांच्या मळ्यात गेले. का गेले, हे नीट सांगता येणार नाही. घरातली वस्तू हरवली की बाई आधी तिच्या नेहमीच्या जागी जाऊन बघते, तसंच.

झोपडीत कात्र्या, गोणपाटं, पाण्याची बादली. खिळ्याला काळी, जाड, जुन्या ट्यूबची पट्टी लोंबत होती.

मोहिनी दारातच थांबली. "ही इथं कशी?"

"काय आहे ती?"

"गठुडं बांधायची ट्यूब. मागच्या सीटवर गठुडं ठेवलं की हिनंच आवळतात. हिच्याशिवाय हे निघूच शकत नाहीत."

"त्या दिवशी टाकीवर ठेवलं असेल, पुढं."

"हँडल वळत नाही मग. एकदा तसं केलं होतं, तर सगळा गुलाब रस्त्यात. तेव्हापासून नाही."

"मग ट्यूब नसली तर गठुडं राहील कसं?"

"कुणी मांडीवर धरलं तरच." पट्टी हळूहळू हलत होती. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

मागच्या सीटवर माणूस होता. त्याशिवाय हे जमत नव्हतं.

तिथून आम्ही चारीच्या वळणावर गेलो. चारीत पडलेला महेश पहिल्यांदा दिसला तो बारकूला. बारकू पेठकडचा, हंगामाला रावजीच्या द्राक्षबागेत कामाला आलेला. बांधावर उकिडवा बसून त्यानं आम्हाला जागा दाखवली. वळण फार मोठं नव्हतंच.

"हा असा पडेल व्हता," तो म्हणाला. "गाडी आडवी. फुलां सगळी चारीत, पाण्यावर. मी हाक मारली तं राजभाऊ लगोलग आला. बागेतून पळत."

"कुठल्या बागेतून?"

"ही काय, इथलीच. मंग रावजीशेटनी जीप काढली."

"गाडीला हात लावलास तू?"

"नाय बा. पोलीस येतील तं म्हणतील तूच पाडला."

"बरं, बारकू, तेव्हा इथं चिमण्या ओरडत होत्या?"

बारकूनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "कसल्या चिमण्या, बाय? अंधार व्हता, धुकट व्हतं. एक पाखरू जागा नव्हता. पाटाचा पाणी वाजं, तेवढंच."

मोहिनी माझ्या कानाशी पुटपुटली, "ताई, मी खोटं नाही बोलत. देवाशप्पथ ओरडत होत्या."

दोघंही खरं बोलत होती. तीच अडचण होती.

५

रात्रभर माझ्या डोक्यात चिमण्या. ह्यांनी दोनदा विचारलं, झोप का येत नाही. म्हटलं, पाखरं ओरडतायत. ह्यांनी उठून खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. उद्या मोहिनीचा भाऊ येणार. आणि मैदानावर माझ्यापुढे चतुराबाई. नाव चतुरा, वय पन्नास, मुलाची जुनी स्कूटर घेऊन यायच्या. डावीकडे वळायचं म्हटलं की आधी देवाचं नाव, मग इंडिकेटर, मग डोळे बंद. त्या दिवशी त्यांनी वळण घेतलं, घाबरल्या, इंजिन बंद पडलं आणि त्या गाडी सोडून सरळ झाडाखाली निघून गेल्या.

गाडी स्टँडवरसुद्धा नव्हती, कुंपणाला टेकून उभी होती. आणि ओरडत होती.

चिवचिव. चिवचिव. चिवचिव.

"बाई, ते बंद करा हो!" चतुराबाई झाडाखालून ओरडल्या. "पोरानं भद्रकालीच्या बाजारातून बसवून आणलंय. इंडिकेटर दिला की चिमणी बोलती. मला तर बाई लाज वाटती."

मी जागची हलले नाही. इंजिन बंद. चावी चालू. इंडिकेटर चालू. चिमणी बोलतेच आहे.

क्लास तिथंच सोडला, मोहिनीला घरून उचललं आणि पोलीस चौकीच्या आवारात गेलो. तिथल्या हवालदारांची मुलगी माझ्याकडे शिकलेली, त्यामुळे चहा आणि चावी दोन्ही मिळालं. महेशची गाडी भिंतीशी उभी होती, एक आरसा फुटलेला, साखळीत गुलाबाच्या वाळक्या पाकळ्या.

"ही सापडली तेव्हा चावी कशी होती?" मी विचारलं.

"बंद," हवालदार म्हणाले. "आम्ही हात लावला नाही. का?"

"बेशुद्ध माणूस चावी बंद करतो का हो?"

हवालदारांनी चहा खाली ठेवला.

"मोहिनी, ह्या गाडीच्या इंडिकेटरचा आवाज तू कधी ऐकलायस?"

"आवाज असतो का त्याला? जुनीच घेतली होती गाडी. हे कधी देतच नाहीत इंडिकेटर. हातच बाहेर काढतात."

मी चावी फिरवली आणि डावं बटण सरकवलं.

चिवचिव. चिवचिव.

मोहिनीनं दोन्ही हात कानांवर घेतले. मग हळूहळू काढले.

"ह्याच," ती म्हणाली. "ताई, ह्याच त्या चिमण्या."

"मग ऐक. तुझा फोन वाजला तेव्हा गाडी आधीच चारीत पडलेली होती, इंजिन बंद पडलेलं होतं. तुझ्या फोनमुळे काहीच झालेलं नाही. जे व्हायचं ते तुझ्या फोनच्या आधी होऊन गेलं होतं."

ती गाडीशेजारी खाली बसली आणि साखळीतल्या वाळक्या पाकळ्या काढायला लागली. रडली नाही. मग तिनं विचारलं, "मग उचलला कुणी?"

६

उत्तर मला माहीत होतं, आणि ते मला नको होतं. म्हणून आधी रावजीकडे गेले. माणूस नको असलेलं उत्तर टाळण्यासाठी बराच लांबचा रस्ता पकडतो.

रावजी पंपाच्या खोलीशी पाइपाला दोरा गुंडाळत बसला होता. मला बघून म्हणाला, "या. माझाच नंबर ना आता? ट्रॅक्टर तिकडं उभाय, वास घेऊन बघा महेशचा येतो का. पंधरा दिवस झाले, पंक्चर हाय."

टायर खरंच बसलेलं होतं, खाली गवत उगवलेलं.

"त्या पहाटे तुम्ही इथंच होता?"

"पाणी धरायला. लाईट तेव्हाच असती."

"काही ऐकलंत?"

"एक गाडी गेली. चिवचिव करीत. वळणाला चिवचिव केलं तर समजतं, वो बाई, पण हा शहाणा सरळ रस्त्याला बी चिवचिव करीत चाललेला! म्हटलं कोण येडा हाय, बंद करायला इसरला. मंग जरा वेळानं बारकूची हाक." त्यानं दोरा दातानं तोडला. "महेशशी भांडलो मी, खरंय. पाण्यावरून भांडतो मी समद्यांशी. पण जीप मीच काढली ना? सीट अजून रक्तानं भरलीय. धुवायला हात होत नाय."

एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

परतताना मी गाडी हळू चालवली. सरळ रस्ता, आणि इंडिकेटर चालूच. म्हणजे चालवणारा असा माणूस, जो वळणाला इंडिकेटर न चुकता देतो आणि मिटवायला विसरतो. महेश तर देतच नाही. महेश मागे बसून गठुडं धरून होता. आणि पुढं बसलेल्यानं दिलेला इंडिकेटर मिटवला नाही, कारण त्याचं लक्ष नव्हतं. मान वाकडी होती.

बारकूनं हाक मारली तेव्हा राज द्राक्षबागेतून आला. राजची वस्ती मागच्या बाजूला, पार मळ्याच्या पलीकडं. बागेत त्याचं काय काम?

इंडिकेटरची ती शिस्त मीच त्याला लावली होती.

७

संध्याकाळी राजला मैदानावर बोलावलं. "टेस्ट जवळ आली, एक आठ काढून दाखव," म्हटलं.

त्यानं चुन्यानं आखलेल्या आठात स्कूटर घातली. डावं वळण, डावा इंडिकेटर. अगदी वेळेवर. उजवा खांदा मात्र उचलला जात नव्हता. हँडल तो डाव्या हातानंच ओढत होता. आठ पूर्ण झाला, सरळ आला, माझ्यापुढे थांबला. इंडिकेटर लुकलुकतच होता. त्या स्कूटरला चिमणी नव्हती, नुसता दिवा.

एरवी मी ओरडते. आज गप्प राहिले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर खाली गेली, त्या पिवळ्या दिव्याकडे. लुकलुक, लुकलुक. त्यानं तो बंद केला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "कधी कळलं?"

"जर्किन काढ आधी."

चेन उघडताना त्याचे दात घट्ट आवळले गेले. गळ्याच्या हाडाशी एवढी मोठी काळीनिळी सूज. हाड मोडलेलं असणार. चार दिवस तो तसाच चहा वाटत फिरत होता.

"मीच म्हटलं दादाला, मला चालवू दे, सराव होईल. तो मागं बसला, गठुडं मांडीवर घेतलं. म्हटलं ट्यूब राहू दे." तो एका दमात बोलत होता, कधीपासून बोलायचं राहून गेल्यासारखा. "शुभांगीचा फोन आला. नामपूरची, आमचं लग्न ठरलंय ना. मी खांद्यात धरला, मान अशी केली. दादा मागून म्हणाला, राज, नंतर बोल. मी म्हटलं एकच मिनिट. मग... मला वळण दिसलंच नाही. माझा फोन पाण्यात पडला. त्याच्यातून तिचा आवाज आला थोडा वेळ, 'काय व्हयनं? काय व्हयनं?' काय झालं म्हणून विचारत होती. मग बंद."

"आणि महेशचा फोन?"

"त्याच्या खिशात वाजला. मी घाबरलो, कुणी ऐकंल म्हणून दाबला. लाल दाबायचं होतं. हात कापत होता. हिरवं दाबलं गेलं. तिकडून वहिनीचा आवाज आला नाही, मॅडम. चिमणीच एवढी ओरडत होती की मला काही ऐकूच आलं नाही. कुणाचा फोन तेही बघितलं नाही. चावी बंद केली. आणि फोन त्याच्या मफलरमध्ये... म्हटलं, लोक म्हणतील बोलत होता. आजकाल सगळेच बोलतात. कुणी कुणाला दोष देत नाही त्याचा."

"एवढ्यात नोकरीचा विचार आला तुला?"

"हो." त्यानं नाकारलं नाही, हे मला बरं वाटलं. "एसटीचा आला. आईचा आला. पण मी पळालो नाही, मॅडम. बागेत उभा होतो. बारकू येईस्तोवर दादाचा श्वास ऐकत होतो. दवाखान्यात गेल्यावर कळलं, फोन वहिनीचा होता. काकू तिला बोलायला लागल्या, आणि मग मला... मग रोज वाटायचं आज सांगू. म्हणून रावजीचं नाव घेतलं, वहिनीवरचं जरा उतरेल म्हणून."

"आणि रावजीवर चढलं असतं ते?"

त्यानं आता कुठं इंडिकेटर बंद केला.

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटत होती, आणि त्याचं ते मोडलेलं हाड बांधावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम करता येत नाही.

"उद्या तिचा भाऊ येणार," मी म्हटलं. "मी सांगितलं तर पोलिसांत तक्रार दिल्यासारखं होईल. तू सांगितलंस तर काकूंपुढं कबुली दिल्यासारखं होईल. चल, मागे बस."

त्यानं स्कूटरची चावी माझ्या हातात दिली.

८

कुसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. राज त्यांच्या पायाशी फरशीवर बसून सांगत होता. मोहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर होती. मी तिला बोलावलेलं होतं. शेवटच्या शब्दापर्यंत कुसाबाईंचा चेहरा हलला नाही.

"चार दिस," त्या शेवटी म्हणाल्या, "चार दिस तू मला चहा पाजीत व्हतास."

"काकू..."

"आन् मी पीत व्हते."

राजनं कपाळ फरशीला टेकवलं. त्याला उठवायला कुणी पुढं झालं नाही, मीही नाही. मग कुसाबाई उठल्या, कमरेला खोचलेला पदर सोडला आणि दारातलं ते स्टूल उचलून भिंतीकडं ठेवलं. मोहिनीकडे न बघताच म्हणाल्या, "आत जा. घोटीला भावाला कळवू, येऊ नको म्हनून. तुझं काय सांगायचं ते सांग माझ्या पोराला. माझं ऐकून कंटाळला आसंल."

मोहिनी एका पायात एक, दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल घालून आत गेली.

राज त्याच संध्याकाळी त्याच हवालदारांकडे गेला. नोकरी गेली, लायसन्स गेलं, केस चालली. आता तो आणि त्याची आई सायकलला टोपली बांधून फुलं विकतात. शुभांगीनं लग्न मोडलं नाही. मात्र लग्नात तिनं एक अट घातली, की मोबाईल दोघांत एकच आणि तो तिच्याकडे.

महेशनं अकराव्या दिवशी डोळे उघडले. जीभ अजून जड आहे, शब्द शोधून आणावा लागतो. फाल्गुनात मी मळ्यावर गेले तेव्हा तो ओसरीवर बाजेवर बसलेला, फोन उशाशी. कुसाबाई लसूण सोलत होत्या. मोहिनी झोपडीत फुलं बांधत होती. गठुडी आता तीच नेते, स्कूटरवर, ट्यूबनं आवळून. वळणाला इंडिकेटर देते, मिटवतेसुद्धा. सगळं गाव सांगतं.

उशाशी फोन वाजला.

"आरं, उचल की!" कुसाबाई म्हणाल्या.

फोन पुन्हा वाजला. महेश त्याच्याकडे बघत राहिला, हात मांडीवर.

"आरं, तिचाच आसंल, उचल!"

तिसऱ्यांदा वाजला आणि बंद झाला.

"उच... उचलायचा नसतो, आई," महेश म्हणाला. सबंध वाक्य. कुसाबाईंच्या हातातला लसूण खाली पडला.

"मंग काय म्हनती ती?"

महेश कानापर्यंत लाल झाला आणि गुलाबांकडे बघायला लागला.

तीन रिंगांचा अर्थ मी अजून विचारलेला नाही.